दोन जिल्हे, एक भीती



स्मृतिव्याख्यानात वक्त्याने पहिली दहा मिनिटं दिवंगत व्यक्तीच्या गौरवात घालवायची, असा आपल्याकडे प्रघात आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या शिक्षिका होत्या आणि विषय सोडून बोललेलं त्यांना खपत नसे, असं संयोजकांनीच मला सांगून ठेवलंय. तेव्हा थेट विषयाला हात घालते.

पत्रिकेवर छापलंय, ‘स्त्रियांचे आजार आणि प्रतिबंधक तपासणी’. आता रक्तक्षय, थायरॉइड, पीसीओडी, अंग बाहेर येणं, हाडांची झीज, स्तनातल्या गाठी अशी यादी मी वाचत बसले, तर घरी जाईपर्यंत तुमच्यातल्या प्रत्येकीला त्यातले चार तरी आजार झाल्यासारखे वाटू लागतील. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला आमचंही तसंच होत असे. म्हणून आज मी एकाच आजाराशी मुक्काम करणार आहे, तो म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. बायका त्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. त्यासाठी मी तुम्हाला मराठवाड्यातल्या दोन जिल्ह्यांत नेणार आहे, धाराशिव आणि बीड. दोन्ही शेजारी, दोन्ही दुष्काळी. पण या एका आजाराच्या बाबतीत दोघांची कहाणी इतकी वेगळी झाली, की स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझी बरीच वर्षं त्या भागात गेली असूनही मला तिचा उलगडा एका दमात करता येत नाही.

त्याआधी दोन मिनिटं गडचिरोलीला जाऊ. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. पोटात मूल नसलेल्या बाईच्या पोटाकडे बघायला सरकारी योजनेत जागाच नव्हती. बंग यांना आढळलं की ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार आहे. एकेकीला सरासरी साडेतीनाहून जास्त. आणि याआधी अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया किती, तर फक्त ८ टक्के.

हे ९२ आणि ८ पुष्कळदा सांगितले जातात. मला त्या अभ्यासातला तिसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या ६५० पैकी ४५ टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे ज्यांना काही होत नव्हतं, त्यांच्यातही बहुतेकींना आजार होताच. ‘मला कुठं काय होतंय? मग कशाला तपासायचं?’ हा प्रश्न मी हजारदा ऐकलाय. खेड्यातल्या आजीकडून ऐकलाय, तसा बँकेत अधिकारी असलेल्या बाईकडूनही. दुखल्याशिवाय डॉक्टर नाही, हा आपला नियम. आणि दुखलं तरी आधी सोसून पाहायचं. पांढरं जातं, कंबर धरते, पाळीशिवाय अंगावर जातं, हे सगळं ‘बाईच्या जातीला चालायचंच’ या एका खात्यात जमा होतं.

पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचं म्हणाल, तर दुखायला लागतं तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. आणि त्याच्या आधी मिळणारा अवधी मात्र जवळजवळ कुठल्याच कर्करोगात मिळत नाही इतका मोठा असतो. हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो, एचपीव्ही. हे सिद्ध करणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतोच. शरीर त्याला साधारण वर्ष-दोन वर्षांत हुसकावूनही लावतं. थोड्या स्त्रियांमध्ये तो ठाण मांडून बसतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडू लागतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. दहा ते वीस वर्षं! या अवधीत एकदा जरी कुणी नीट बघितलं तर बिघडलेला भाग गोठवून किंवा भाजून काढता येतो. कर्करोग होण्याआधीच तो टळतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तिच्यापायी घरं मोडलेली मी पाहिली आहेत. तपासणीत विषाणू सापडला म्हणजे बाई वाईट चालीची, असा अर्थ कुणी काढू नये. तो कधी आला, कुणाकडून आला, हे जगातली कुठलीही तपासणी सांगत नाही. जन्मात एकच नवरा केलेल्या बाईलाही तो असू शकतो, आणि असतो.

आता धाराशिवकडे येऊ.

जिल्ह्याला लागूनच, सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने मिळून त्या परिसरात जे काम उभं केलं, त्याची महाराष्ट्राला म्हणावी तशी जाण नाही. १९८७ साली तिथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणी करायची तर रुग्ण सापडायला हवेत, आणि खेड्यातला रुग्ण आपण होऊन येत नाही. म्हणून माणसं गावोगाव फिरू लागली, लक्षणं सांगू लागली. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त दिसलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर अंगावर काढू नका, एवढंच सांगणं. यंत्र नाही, औषध नाही. तरीसुद्धा काही वर्षांत बायका आजाराच्या अलीकडच्या टप्प्यावर येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं.

त्या पायावर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, टाटा आणि बार्शीचं रुग्णालय असे तिघे मिळून होते. गावांचे ५२ समूह पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या, कर्करोग नसलेल्या एकूण १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया. पहिल्या गटात विषाणूची म्हणजे एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात नुसतं व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं. चौथ्या गटाला नेहमीची सेवा, म्हणजे खरं तर काहीच नाही. प्रत्येकीची तपासणी एकदाच करायची आणि मग वर्षानुवर्षं नोंद ठेवायची, कुणाला कर्करोग होतो, कोण दगावतं.

आठ वर्षांचा हिशोब २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ज्या गटात विषाणूची तपासणी झाली, तिथे १२७ जणींना कर्करोग निघाला. तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना. नुसतं हेच पाहिलं तर कुणीही म्हणेल, तपासणीने काय साधलं? पण पुढचा रकाना वाचा. पुढच्या टप्प्याला गेलेला कर्करोग पहिल्या गटात ३९ जणींना, चौथ्यात ८२ जणींना. मृत्यू पहिल्या गटात ३४, चौथ्यात ६४. आणि पहिला गट तर आकाराने थोडा मोठाच होता. पुरा हिशोब केला तर मृत्यू निम्म्यावर आले. एका तपासणीने! आयुष्यात एकदाच, खेड्यातल्या केंद्रात घेतलेल्या नमुन्याने.

पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. यावरून काही जण म्हणाले, व्हिनेगर निरुपयोगी. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटाच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी दीड लाखाच्या आसपास स्त्रियांत दुसरी चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीतल्या बायकांना शिकवून त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा व्हिनेगरची तपासणी केली. बारा वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. माझ्या मते फरक व्हिनेगरचा नाही, पुनरावृत्तीचा आणि देखरेखीचा आहे. डोळ्यांनी बघायची तपासणी एकदा करून सोडून दिली तर चुकते, पुन्हा पुन्हा केली तर तारते. विषाणूची तपासणी मात्र एकदा केली तरी बरीच भरवशाची. धाराशिवमध्ये ज्यांची ती निर्दोष आली होती, त्यांच्यापेक्षा पॅप किंवा व्हिनेगरने निर्दोष ठरलेल्यांमध्ये पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त निघालं.

व्हिनेगरची तपासणी म्हणजे नेमकं काय, हे इथल्या बऱ्याच जणींना ठाऊक नसेल, आणि ठाऊक नसतं म्हणूनच भीती वाटते. आरोग्य केंद्रातली खोली, दाराला कडी, खिडकीला पडदा. टेबलावर पाय दुमडून झोपायचं, कमरेवर चादर. सिस्टर एक उपकरण आत घालून ते हळूच उघडते. पोलादाचं असेल तर थंड लागतं. चांगली सिस्टर ते आधी कोमट पाण्यातून काढते. मागून दिव्याचा झोत. चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पिशवीच्या तोंडाला लावायचा. चायनीजच्या गाडीवर असतं त्याच जातीचं ॲसिड, तीन ते पाच टक्क्यांचं. मग एक मिनिट थांबायचं. घड्याळ लावून, पुरतं मिनिट. घाई केली तर दिसायचं ते दिसत नाही. किंचित चुरचुरतं. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उमटतो. नसतील तर सगळं गुलाबीच राहतं. झालं. डाग दिसला, तर पुढे दुर्बिणीतून खात्री करून, गरज असल्यास तो भाग गोठवतात. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन मिनिटं. भूल लागत नाही, टाका नाही. बाई त्याच दिवशी घरी जाते. पुढचे काही आठवडे पाण्यासारखं जातं आणि नवऱ्याला चारेक आठवडे लांब ठेवायचं असतं. हे मी मुद्दाम पुरुषांसमोर सांगते आहे.

आता बीड.

बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला लाखो माणसं बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादम कोयत्याला आधी उचल देतो, मग हंगामभर ती फेडायची. एक दिवस दांडी झाली तर खाडा, म्हणजे दंड. पाळीचे दिवस असोत, पोटात कळा असोत, फडात उभं राहावंच लागतं. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, ना न्हाणी, ना संडास, ना पुरेसं पाणी. तिथे जंतुसंसर्ग होणार नाही तर काय? अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडते, ओटीपोट दुखतं. मग हंगाम संपल्यावर बाई डॉक्टरकडे जाते. ती सरकारी दवाखान्यात जात नाही, कारण तिथे बायकांचा डॉक्टर आहे की नाही याची खात्री नसते. ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते.

असे सोनोग्राफीचे कागद मी पुष्कळ वाचलेत. त्यावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं, ‘बल्की युटेरस’, म्हणजे पिशवी जरा मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जरा मोठी असायचीच. किंवा लिहिलेलं असतं, ‘नाबोथियन सिस्ट’. पिशवीच्या तोंडावरच्या ग्रंथींचं तोंड बंद होऊन पाण्याचे बारीक फोड येतात, त्यांना हे नाव. ते निरुपद्रवी असतात. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर उपचार म्हणून काही लिहिलेलं नाही. पण बाईच्या कानावर काय पडतं? ‘पिशवीच्या तोंडाला गाठी आहेत. काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल.’ एकदा ‘कॅन्सर’ म्हटलं की सगळी चर्चा संपते. नव्या उचलीतून ऑपरेशनचे पैसे येतात. वयाच्या पंचविशीत, तिशीत पिशवी जाते. कधीकधी अंडाशयंही जातात, आणि ती गेली की त्याच दिवसापासून म्हातारपण सुरू. घाम, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. ती पुन्हा फडावर जाते, आता जास्त दुखऱ्या कमरेने.

२०१९ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त स्त्रियांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक.

त्या वेळी चर्चा झाली ती लोभी डॉक्टरांची आणि निर्दय मुकादमांची. ती व्हायलाच हवी होती. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियमही आला. पण एक प्रश्न मागे राहिला. त्या बाईला ‘कॅन्सर होईल’ म्हणून सांगितलं, तेव्हा ‘नाही, माझी तपासणी झाली आहे, मला तसं काही नाही’ असं उत्तर देण्याची सोय तिच्यापाशी होती का? एका नमुन्याने हे उत्तर मिळतं. शेजारच्याच जिल्ह्यात ते दहा वर्षं आधी मिळालेलं होतं. जिथे तपासणी पोहोचत नाही तिथे भीती विकायला बसते, आणि भीतीचा भाव तपासणीच्या कितीतरी पट असतो. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते हे.

आणि हे एकट्या बीडचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले दोन आकडे मी शेजारी-शेजारी ठेवते. ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के. आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयच काढलेल्या ३ टक्क्यांहून थोड्या जास्त. दुसऱ्या आकड्यात तर कोवळ्या मुलीही मोजलेल्या आहेत, त्या वगळल्या तर तो आणखी चढतो. म्हणजे या देशात पिशवीचं तोंड तपासलेल्या बायकांपेक्षा पिशवी काढलेल्या बायका जास्त आहेत.

धाराशिवच्या स्त्रियांनी जे दिलं त्याचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. विषाणूची तपासणी हीच मुख्य तपासणी असावी, असं आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यामागच्या भक्कम पुराव्यांत उस्मानाबादची चाचणी आहे. २०२० साली संघटनेने ध्येय ठरवलं की २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची तपासणी पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा व्हावी. आणि जिथून पुरावा आला तो देश १.९ टक्क्यांवर. त्या चाचणीत ज्या ३१ हजार स्त्रियांना काहीच तपासणी मिळाली नाही, त्यांच्यावरून वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांमध्ये नंतर कडाक्याचा वाद झाला. व्हिनेगर आणि पॅप हाताशी असताना एक गट उघड्यावर ठेवणं योग्य होतं का? मला तो आक्षेप रास्त वाटतो. पण त्याहून मोठा आक्षेप पुढच्या वर्षांवर आहे. चाचणीच्या आठ वर्षांत एक गट तपासणीविना राहिला. निकाल लागल्यावर जवळपास सगळा देशच त्या चौथ्या गटात राहिला. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू आहेत.

असं नाही की सरकारने काहीच ठरवलं नाही. २०१६ पासून कागदावर व्यवस्था आहे: ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची पिशवीच्या तोंडाची, स्तनांची आणि तोंडाची तपासणी, दर पाच वर्षांनी, फुकट. आशाताई घरोघर फॉर्म भरून घेतात. स्तनांची नि तोंडाची तपासणी थोडीफार होते. पिशवीच्या तोंडाची राहते, कारण तिला बंद खोली लागते, टेबल लागतं, दिवा लागतो, शिकलेली सिस्टर लागते, आणि डाग दिसला तर पुढे पाठवायला जागा लागते. या साखळीतली एक कडी नसली की बाई घरी परत जाते आणि शेजारणीला सांगते, ‘काही नाही गं, नुसतं नाव लिहून घेतलं.’ मग शेजारीण येत नाही.

बायका येत नाहीत याचं खापर नेहमी ‘अज्ञान आणि लाज’ यांच्यावर फोडलं जातं. लाज आहे, नाही कशाला म्हणू? पण धाराशिवच्या चाचणीत बोलावलेल्या दर पाच जणींपैकी जवळजवळ चार जणी आल्या होत्या. त्याच खेड्यांतल्या, त्याच लाजऱ्या. गावातच सोय होती, बाई तपासणार होती, आधी घरी येऊन कुणीतरी नीट समजावलं होतं, आणि सासूलाही समजावलं होतं. हे शेवटचं कमी समजू नका. सुनेला पाठवायचं की नाही हे पुष्कळ घरांत सासू ठरवते, आणि सासू स्वतः टेबलावर जाऊन आली असेल तर दुसऱ्या दिवशी सगळी आळी येते. शिवाय विषाणूच्या तपासणीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, पडद्याआड, एका मऊ काडीने. लाजेचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. या तपासणीचे संच आता गोव्यात आणि पुण्यातही तयार होतात. पूर्वी ‘परदेशी आहे, परवडत नाही’ म्हणत असू, ती सबब आता फार दिवस चालणार नाही.

लशीबद्दल प्रश्न येणारच आहे म्हणून आधीच बोलते. एचपीव्हीची लस कोवळ्या वयात, शरीरसंबंध सुरू होण्याआधी दिली तर सर्वांत उपयोगी. ९ ते १४ वर्षांच्या मुली हा तिचा मुख्य वयोगट. आपल्याकडे तिची सुरुवात फार वाईट झाली. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात २००९ मध्ये झालेल्या प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं आढळलं नाही, पण पालकांची संमती ज्या पद्धतीने घेतली गेली त्यावर संसदीय समितीने सणसणीत ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. २०१० मध्ये देशभरातली अशी सगळी कामं थांबली. त्यात एक वेगळी चाचणीही अडकली, तिची केंद्रं बार्शीत नि पुण्यातही होती. तिथे दोन डोस की तीन, हे पाहायचं होतं. काम मध्येच थांबल्याने हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एक डोसही जवळजवळ तेवढंच संरक्षण देतो. जगात आज एका डोसची शिफारस होते, तिला या अपघाताने मिळालेला पुरावा मोठा आधार आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला परवानगी मिळाली. मुलींना लस द्या, जरूर द्या. पण मुलीला लस टोचून आणली म्हणजे आईची जबाबदारी संपली असं नाही. आज तिशीच्या पुढे असलेल्या बाईला तपासणीच वाचवणार आहे.

इतर आजारांवर थोडक्यात. स्तनाचा कर्करोग आता भारतीय स्त्रियांत पहिल्या क्रमांकावर आहे. त्यातली गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच बाई गाफील राहते. मुंबईच्याच वस्त्यांमध्ये वीस वर्षं चाललेल्या चाचणीत, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. रक्तक्षयाचं तर काय बोलायचं? त्याच राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांचं रक्त कमी होतं. बोटाला सुई टोचून दोन मिनिटांत कळणारी गोष्ट, आणि लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट. ‘थकवा येतो’ म्हणणाऱ्या बाईला टॉनिकची बाटली आणून देणाऱ्या नवऱ्यांनी आधी तिचं हिमोग्लोबिन किती आहे ते विचारावं.

एक धोका शहरातल्या भगिनींना सांगते. ८ मार्च आला की प्रयोगशाळांच्या जाहिराती येतात, ‘महिला दिन विशेष, साठ तपासण्या एका पॅकेजमध्ये’. तपासणी म्हणजे जितकी जास्त तितकी चांगली, असं नसतं. त्या साठांत सीए-१२५ नावाची एक असते, अंडाशयाच्या कर्करोगाची. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर तिचा मोठा अभ्यास झाला. मृत्यू कमी झाले नाहीत. दक्षिण कोरियात मानेची सोनोग्राफी सर्रास सुरू झाली, तेव्हा थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १५ पटींनी वाढलं. मृत्यू तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी मात्र निघाल्या. म्हणजे बीडचीच कहाणी, वातानुकूलित खोलीत. जी तपासणी केल्याने मृत्यू खरोखर कमी होतात, तीच करावी, आणि निरोगी बाईला विनाकारण रुग्ण बनवणारी टाळावी. एवढा विवेक तपासणीचा प्रचार करणाऱ्या आम्हा डॉक्टरांनीही ठेवायला हवा. पिशवीच्या तोंडाची तपासणी या कसोटीला उतरते, आणि नेमकी तीच त्या साठांच्या पॅकेजमध्ये बहुधा नसते, कारण ती रक्ताच्या नळीतून होत नाही.

वेळ संपत आली. माझं मागणं साधं आहे. या सभागृहातल्या तीस ते पासष्ट वयाच्या ज्या भगिनींची ही तपासणी कधीच झालेली नाही, त्यांनी या महिन्यात ती करून घ्यावी. सासूने सुनेला आणि सुनेने सासूला घेऊन जावं. बंधूंनी त्या दिवशीचा स्वयंपाक बघावा. ‘पिशवी काढा’ असा सल्ला कुणाला मिळाला असेल, तर ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का, आणि तिचा अहवाल कुठे आहे’ असं विचारल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नये. आणि जे ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, बचत गटांत, महिला मंडळांत आहेत, त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं की ही तपासणी कोणत्या वारी होते, विषाणूची तपासणी केव्हा सुरू होणार, आणि दोष निघाला तर बाईला कुठे पाठवता. तोंडी उत्तर मिळालं नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.